आहाराविषयी वाचकांचे प्रश्न : भाजीच्या पिशवीचा हिशेब

प्रश्न : आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. घरात सासूबाई धरून पाच माणसे आहेत आणि भाजीसाठी महिन्याला ठरावीक रक्कमच बाजूला काढता येते. सोसायटीतील मैत्रिणी ब्रोकोली, झुकिनी, केल आणायला सांगतात. इकडे पाऊस सुरू झाल्यापासून साध्या मेथीच्या जुडीचा भाव ऐकूनही परत फिरावे लागते. मुलीचे हिमोग्लोबिन थोडे कमी आले आहे, म्हणून तिला रोज बीट देते. परवडेल आणि अंगी लागेल अशी कोणती भाजी वाढवावी?

उत्तर : कोणती भाजी वाढवावी, याआधी किती वाढवावी हे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या जेवणात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात आणि त्यांत १०० ग्रॅम पालेभाजी असावी. पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळची मिळून किलोभर भाजी शिजत असेल, तर साले-देठे काढण्याआधीच ती माणशी २०० ग्रॅम भरते. बटाटा या हिशेबात धरू नये, कारण तो ताटात भाताच्या आणि पोळीच्या बाजूला बसतो. म्हणून एखाद्या महागड्या भाजीपेक्षा आमटीत दुधी किंवा लाल भोपळ्याच्या फोडी, थालीपिठात किसलेला कोबी आणि रोज एक कोशिंबीर एवढी भर घातली, तरी आपल्या घराला अधिक फायदा होईल.

भाव ऐकताना तो खाण्याजोग्या भागाचा धरावा. मटार ८० रुपये किलो आहे असे समजू. शेंगा सोलल्यावर दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात, म्हणजे दाण्यांचा भाव १६० रुपयांच्या घरात गेला. लाल भोपळ्यात वाया जाणारा भाग फारच थोडा, शिवाय सासूबाईंना चावायला त्रास होत असेल तर त्यांच्यासाठीही तो उत्तम. त्यातील बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि ते शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्ध पदार्थ लागतो. फोडणीचे तेल आणि दाण्याचे कूट त्यासाठी पुरेसे आहे. पालेभाजीच्या बाबतीत जुडीचा भाव फसवा असतो. एका जुडीत पाव किलो पाने असतात, तर दुसरीत निम्मे देठ आणि वर शिंपडलेले पाणी. भाजीवाल्याच्या तागडीत जुडी ठेवून पाहायला संकोच करू नये. माठाचे कोवळे देठ मात्र टाकू नयेत. वालाबरोबर त्यांची भाजी उत्तम होते.

ब्रोकोलीविषयी माझे मत थोडे कडवट वाटेल. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि केल हे सगळे एकाच वनस्पतीचे प्रकार आहेत. ब्रोकोलीत क जीवनसत्त्व कोबीच्या दुपटीहून अधिक असते हे खरे, पण हिरवी ढोबळी मिरचीही त्या बाबतीत तिच्या तोडीस तोड आहे आणि एक मध्यम पेरू दोघींनाही मागे टाकतो. ब्रोकोली आवडते म्हणून आणायची तर जरूर आणावी. पोषणासाठी ती आणलीच पाहिजे असे सांगून कोणी आपल्या पिशवीवर भार टाकत असेल, तर ते मनावर घेऊ नये. झुकिनीच्या जागी दुधी किंवा दोडका घेतला तर काहीही बिघडत नाही.

आता बीट. त्याच्या लाल रंगामुळे ते रक्त वाढवते असा समज घरोघरी पक्का झालेला आहे, पण १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. तेवढ्याच पालकात ते सुमारे तीन मिलिग्रॅम, तर माठात आणि मेथीत त्याहूनही जास्त भरते. भाजीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते चांगले शोषले जाते आणि जेवणालगत घेतलेल्या चहाने त्यात अडथळा येतो. म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळावे, कोशिंबिरीत कोथिंबीर सढळ हाताने घालावी आणि मुलीला चहाची सवय असेल तर जेवणानंतर निदान तासभर तरी तो देऊ नये. बीट बंद करण्याची गरज नाही, फक्त त्याच्यावर भिस्त ठेवू नये; त्याची कोवळी पाने मिळाली तर ती कंदापेक्षा अधिक उपयोगाची आहेत. मात्र मुलीचे हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण डॉक्टरांनीच शोधायला हवे. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर भाजीच्या भरवशावर त्या टाळू नयेत.

राहिला पावसाळा. वाशीच्या घाऊक बाजारात येणारी पालेभाजी बरीचशी नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतून येते. मोठा पाऊस झाला की ती शेतात आणि वाटेत सडते, आवक घटते आणि भाव चढतो. हे दोन-अडीच महिने मेथी-पालकाचा हट्ट धरू नये. दुधी, दोडका, घोसाळे, पडवळ, कारले आणि काकडी या वेलभाज्या याच दिवसांत भरपूर येतात. पालेभाजीची उणीव अळू, माठ आणि शेवग्याच्या पानांनी भरून काढता येते. शेवग्याच्या १०० ग्रॅम पानांत कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमहून अधिक असते, तर तेवढ्याच गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते, आणि तरीही अनेक सोसायट्यांच्या आवारात झाडावरच्या शेंगा वेचून पाने झाडून टाकली जातात. माठातही कॅल्शियम शेवग्याच्या पानांइतकेच आहे, पण त्यातील ऑक्झलेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकामुळे त्याचा मोठा भाग शरीराला मिळत नाही. मेथी आणि शेवग्याची पाने त्या दृष्टीने सरस ठरतात.

येऊरच्या पाड्यांवरून आणि मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्या बायका ठाणे स्टेशनच्या परिसरात आणि जांभळी नाक्याजवळ टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे आणि कर्टुली या रानभाज्यांचे वाटे लावून बसतात. कर्टुलीचा भाव आता भल्याभल्यांना घाम फोडतो, पण टाकळ्याचा आणि कुर्डूचा वाटा अजून परवडतो. ओळखीची भाजीच घ्यावी आणि कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनाच विचारावे. शेवळ्यांना काकडांचा किंवा चिंचेचा आंबटपणा लावला नाही, तर घसा खवखवतो.

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला राहतो. दोघांच्याही नोकऱ्या असल्याने आठवड्यातून एकदाच भाजी आणणे होते. गोठवलेले मटार आणि पाकिटातील चिरलेल्या भाज्या वापरल्या तर चालेल का? एपीएमसीतून, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातून, भाजी आणणे परवडेल का?

उत्तर : गोठवलेले मटार नि:शंकपणे वापरावेत. ते काढणीनंतर लवकर उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेले असल्याने त्यांतील जीवनसत्त्वे बरीचशी टिकून राहतात, आणि हंगाम सरल्यावर सोललेल्या दाण्यांच्या भावाशी तुलना केली तर ते बहुधा स्वस्तच पडतात. चिरलेल्या भाजीचे तसे नाही. चिरल्यावर आणि धुतल्यावर क जीवनसत्त्व कमी होत जाते, भाजी लवकर खराब होते आणि चिरण्याची मजुरीही आपणच देतो. पाकीट घ्यायचेच असेल, तर त्याच दिवशी संपवावे.

आठवड्याच्या खरेदीचा क्रम लावून घेतला की बरेच काम होते. पालेभाजी, भेंडी आणि काकडी पहिल्या तीन दिवसांत, गवार आणि फ्लॉवर त्यानंतर, आणि शेवटी कोबी, गाजर, सुरण व लाल भोपळा संपवावा. पालेभाजी न धुता, निवडून, सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, कारण छपाईची शाई भाजीला लागते.

एपीएमसीत भाव दहा किलोंचा सांगतात. दोन माणसांसाठी दहा किलो कोबी आणून त्यातील चार किलो कचऱ्यात टाकणे ही काटकसर नव्हे. मजल्यावरील चार-पाच घरांनी मिळून कांदा, कोबी, भोपळा अशी टिकाऊ भाजी आणली आणि पालेभाजी सेक्टरमधल्या भाजीवाल्याकडूनच घेतली, तर मात्र खरी बचत होईल.

प्रश्न : कळव्याला रेल्वे रुळांच्या कडेला पिकवलेला पालक आणि माठ स्वस्त मिळतो. खाणे योग्य आहे का?

उत्तर : रुळांलगतच्या वाफ्यांना पाणी कोठून देतात, यावर ते अवलंबून आहे. नाल्याचे सांडपाणी असेल तर जंतू नीट शिजवल्याने मरतात, पण शिसे आणि कॅडमियम यांसारखे जड धातू पानांच्या आत गेलेले असतात आणि मिठाच्या पाण्यात कितीही वेळ ठेवले तरी निघत नाहीत. पाण्याची खात्री नसेल तर ती पालेभाजी नियमाने, विशेषतः लहान मुलांना, देऊ नये. एरवी कोणतीही पालेभाजी चिरण्याआधी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी. चिरून धुतल्यास माती जाते खरी, पण जीवनसत्त्वेही जातात.

प्रश्न : माझ्या वडिलांना मुतखड्याचा त्रास आहे. आम्ही कोपरीला राहतो. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी सर्व पालेभाज्या, टोमॅटो आणि दूध बंद केले आहे. मग खायचे काय?

उत्तर : खडा कोणत्या प्रकारचा आहे हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल, तर पालक, माठ, अळू आणि बीट यांवर मर्यादा घालणे रास्त आहे, परंतु मेथी, कोबी, फ्लॉवर, दुधी, दोडका आणि पडवळ सोडण्याचे कारण नाही. टोमॅटोची बदनामी मात्र अकारण झाली आहे. त्यात ऑक्झलेट थोडेच असते. दूध-दही बंद करणे तर उलट अंगाशी येऊ शकते, कारण जेवणातील कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला धरून ठेवते आणि ते लघवीत कमी उतरते. पालक कधी करायचाच असेल तर तो उकळून पाणी टाकून द्यावे आणि सोबत वाटीभर दही घ्यावे. मीठ कमी करावे, पाणी भरपूर प्यावे. मात्र वडिलांच्या मूत्रपिंडाचे कार्यच मंदावलेले असेल, तर पाण्याचे आणि भाज्यांतील पोटॅशियमचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असल्यास पालेभाजी एकाएकी वाढवू किंवा थांबवू नये, कारण त्यातील के जीवनसत्त्वाचा त्या गोळीच्या परिणामाशी थेट संबंध असतो.