इंद्रायणी असताना जुने आणि रानटी भात कशाला जपायचे?

तुमचा प्रश्न असा : बाजारात इंद्रायणी, कोलम, बासमती सगळं मिळतं, मग कमी पिकणारे जुने वाण आणि पाणथळीतलं रानभात जपण्यावर खर्च कशासाठी? मी पुण्यात राहतो, बियाण्यांच्या कामात आहे, म्हणून इंद्रायणीपासूनच सांगतो.

इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा वाण, 1987 साली प्रसारित झालेला. त्याचे आईबाप म्हणजे आंबेमोहर-157 आणि आयआर-8. वास आणि मऊपणा आंबेमोहराचा. आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो. आयआर-8 बुटका आणि भरपूर पिकणारा. आंबेमोहर तेव्हा कुणाच्याच खाचरात उरला नसता, तर आज पुण्यात घरोघरी शिजणारा हा भात जन्मलाच नसता.

जुना वाण आणि सुधारित वाण यांत मूळ फरक एकसारखेपणाचा आहे. सुधारित वाणाची सगळी रोपं जवळपास एकाच घडणीची, त्यामुळे रोग एका रोपाला पेलवला नाही तर अख्ख्या शिवाराला पेलवत नाही. पिढ्यानपिढ्या घरचं बी राखलेल्या वाणात रोपागणिक थोडा फरक असतो. शिवाय हळवे (लवकर पिकणारे), निमगरवे (मध्यम मुदतीचे), गरवे (उशिरा पिकणारे) असे वाण माळाला, उताराला, पाणी साचणाऱ्या खाचराला वेगवेगळे निवडलेले.

रानभाताचा साठा याहून खोल आहे. त्याचा दाणा पिकला की गळून पडतो, त्याला लांब कुसळ असतं. माणसाने न गळणाऱ्या लोंब्या निवडत भात माणसाळवला, आणि त्या निवडीत रानातले कितीतरी गुण मागे राहिले. ते कधी लागतील सांगता येत नाही. 1970 च्या दशकात आग्नेय आशियात तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूने भात खुरटू लागला. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या 'ओरायझा निवारा' या रानभातात! तो गुण आयआर-36 मध्ये आणला गेला, आणि 1976 नंतर हा वाण लाखो हेक्टरवर पसरला. पुरात दोनेक आठवडे बुडूनही तगणारा स्वर्णा-सब1 घ्या. त्याचा गुण ओडिशातल्या एका पारंपरिक वाणातून आला.

बियाणं शीतपेटीत ठेवलं की काम झालं, असं मला वाटत नाही. पेटी हवीच, पण तिथे बी थांबलेलं असतं आणि शेतात करपा, तुडतुडे, पाऊस दरवर्षी बदलतात. त्यांच्याबरोबर बदलायला वाण पेरला जायला हवा, आणि तो पेरला जातो गिऱ्हाईक असेल तरच. म्हणून दिवाळीनंतर मुळशी-मावळातल्या शेतकऱ्याकडून थेट आंबेमोहर घ्या. दर जास्त पडेल, कारण एकरी उतारा कमी असतो.