वीजकेंद्र की वाहिनी? तुझा तिसरा पर्याय

प्रश्न : मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा म्हणतात, वीजनिर्मितीत जा, खरं काम तिथेच असतं. आमचे सर म्हणतात, पारेषण घे, म्हणजे वीज लांबवर वाहून नेण्याचं काम. एका व्याख्यानात ऐकलं की नवी वीजकेंद्रं आणि नव्या वाहिन्या यांचं नियोजन एकत्र करणारेही लोक असतात. मला ते फार आवडलं, पण मैत्रिणी म्हणतात, हे धड ना इकडचं, ना तिकडचं. मला यंत्रांपेक्षा गणित जवळचं वाटतं. कोडिंग मात्र जेमतेम येतं. यात करिअर होतं का?

उत्तर : होतं. आणि तुझ्या मैत्रिणी म्हणतात ते बरोबरच आहे. हे काम ना इकडचं, ना तिकडचं, म्हणूनच ते बरीच वर्षं कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

आधी एक छोटा हिशोब करू. एका भागाला वीज हवी आहे. जवळ केंद्र बांधलं तर एका युनिटला ६० खर्च येतो. लांब एका वाऱ्याच्या पठारावर तेच युनिट ४० ला पडतं. निर्मितीवाला म्हणतो, पठारच घ्या. फाइल पुढे पारेषणवाल्याकडे जाते. तो निमूटपणे लाइन आखतो आणि लाइनचा खर्च निघतो युनिटमागे २५. म्हणजे एकूण ६५. आपापल्या गणितात दोघांचीही चूक नाही, तरी शेवटी महागडा पर्याय गळ्यात पडला.

आता दोन्ही फाइली एका टेबलावर ठेव. लाइन महाग पडते, कारण वारा तिला वर्षभरात सरासरी ३६ टक्केच भरतो. पठारावर दिवसा ऊन असेल आणि वारा जास्त करून रात्रीचा असेल, तर तिथेच सौर पॅनेल लावता येतील. त्यांची वीजही ४० ला पडते आणि लाइन आणखी २४ टक्के भरते असं धरू. लाइन तीच, पण आता ६० टक्के भरलेली. युनिटमागे तिचा खर्च २५ वरून १५ वर येतो, एकूण ५५. पठार पुन्हा स्वस्त झालं! हे उत्तर निर्मितीच्या फाइलीत नव्हतं आणि पारेषणाच्या फाइलीतही नव्हतं. तू ज्या कामाबद्दल विचारतेस, ते हे. (प्रत्यक्षात वारा आणि ऊन कधी कधी एकदम जोरात येतात, मग थोडी वीज सोडून द्यावी लागते. किती सोडायची, हाही याच गणिताचा भाग.)

हिशोबापेक्षा वेळेचा गुंता मोठा. सौर प्रकल्प वर्ष-दोन वर्षांत उभा राहतो. लांब पल्ल्याची वाहिनी मात्र जागा, परवानग्या, हरकती यांतून जात दहा वर्षंही घेते. लाइन नाही म्हणून केंद्र येत नाही आणि केंद्र नाही म्हणून लाइन मंजूर होत नाही. अंडं आधी की कोंबडी आधी? टेक्सासने हा पेच सरळ तोडला. तिथे २००५ मध्ये कायदा झाला, २००८ मध्ये वाऱ्याचे पाच पट्टे ठरले आणि केंद्रांची वाट न बघता त्यांच्यासाठी ३४५ किलोव्होल्टच्या वाहिन्या आखल्या गेल्या. साधारण ५,८०० किलोमीटरचं हे जाळं २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पुरं झालं. ते सुमारे १८,५०० मेगावॅट वाऱ्याची वीज आणण्याच्या हिशोबाने बांधलं होतं. खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला, तेही सांगायला हवं.

उलटं उदाहरण चीनच्या गान्सू प्रांताचं. पवनचक्क्या धडाधड उभ्या राहिल्या. वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या मागे पडल्या आणि स्थानिक मागणी अपुरी होती. २०१६ मध्ये तिथल्या वाऱ्याच्या विजेपैकी सुमारे ४३ टक्के वीज वापरताच आली नाही. जर्मनीतही उत्तरेचा वारा दक्षिणेकडच्या कारखान्यांपर्यंत नेणारी सुमारे ७०० किलोमीटरची स्यूडलिंक ही वाहिनी आधी २०२२ पर्यंत व्हायची होती. लोकांचा टॉवरला विरोध झाला, मग ती जमिनीखालून न्यायचं ठरलं आणि मुदत २०२८ वर गेली. इतक्या वर्षांचा उशीर गृहीत धरून केंद्रं कुठे बांधायची, हा प्रश्न कुणीतरी सोडवायचा असतोच.

तू गणिताबद्दल लिहिलंस म्हणून जरा खोलात जाते. केंद्रांची निवड लिनिअर प्रोग्रॅमिंगने, म्हणजे अटी पाळून सर्वांत कमी खर्चाचा पर्याय शोधणाऱ्या गणिताने, करण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीतल्या मासे आणि जिब्रा या दोन तज्ज्ञांनी १९५७ मध्येच त्यावर लेख लिहिला होता. लाइन आली की मात्र हे सोपं गणित बिघडतं. एक तर लाइन अर्धी बांधता येत नाही. ती असते किंवा नसते. दुसरं म्हणजे वीज आपण सांगू त्या वाटेने जात नाही, किरचॉफच्या नियमांनी वाटली जाते. नवी लाइन टाकली की जुन्या सगळ्यांवरचा भार बदलतो. शिवाय एखादी लाइन किंवा केंद्र अचानक बंद पडलं तरी अंधार होऊ नये, ही अट वेगळीच. त्यात वर्षाचे ८,७६० तास आणि भविष्याच्या पाच-सहा शक्यता घातल्या की चांगला संगणकही दमतो. मग बेंडर्स या गणितज्ञाने १९६२ मध्ये दिलेल्या रीतीने प्रश्नाचे तुकडे करतात: वरच्या पायरीवर काय बांधायचं, खालच्या पायरीवर ते कसं चालवायचं, आणि दोन्हींमध्ये निरोपांची ये-जा.

हे आपल्याला झेपेल का, ते पाहायला माझ्या सल्ल्याची गरज नाही. गार्व्हर या अभियंत्याचं सहा बसचं (बस म्हणजे जाळ्यातला तारा जोडण्याचा बिंदू) जाळं सोडवून बघ. १९७० च्या त्याच्या लेखातलं हे उदाहरण आजही जगभर शिकवतात. पाच बस एकमेकांना जोडलेल्या आहेत. सहाव्या बसवर ६०० मेगावॅटचं नवं केंद्र आहे आणि त्याला एकही तार नाही. एकूण मागणी ७६० मेगावॅट. जुनी केंद्रं दोनच, १५० आणि ३६० मेगावॅटची. म्हणजे निदान २५० मेगावॅट सहाव्या बसवरून आणल्याशिवाय सुटका नाही. कोणत्या केंद्रातून किती वीज घ्यायची हे आधीच पक्कं करून दिलं, तर लाइनचा कमीत कमी खर्च येतो २००. केंद्रांचं उत्पादनही गणितालाच ठरवू दिलं, तर ११०. जाळं तेच, मागणी तीच, खर्च जवळपास अर्धा. तुझ्या बाबांना हे दोन आकडे दाखव. मला चार पानं लागली, त्यांना बहुधा एका मिनिटात कळेल.

कोडिंग जेमतेम असेल तर ते वाढवावं लागेल, त्याला पर्याय नाही. पण त्यासाठी सॉफ्टवेअरवाली व्हायची गरज नाही. पायथन पुरेसं होईपर्यंत शीक आणि मग पायप्सा नावाची मोफत, खुली प्रणाली उघडून बस. तिच्यात केंद्रं आणि वाहिन्या एकाच प्रश्नात सोडवता येतात. एमआयटी आणि प्रिन्स्टनच्या लोकांनी केलेलं जेनएक्सही खुलं आहे, ते ज्युलिया या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. कॉलेजात लोड फ्लो, म्हणजे जाळ्यातल्या कोणत्या लाइनवरून किती वीज वाहते त्याचं गणित, मन लावून कर. ऑप्टिमायझेशनचा ऐच्छिक विषय घे. अर्थशास्त्राचा एखादा पेपर मिळाला तर सोडू नकोस. पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागेल हे मनात धर. नुसत्या पदवीवर या कामात शिरकाव होतो, पण फार क्वचित.

नोकऱ्या पारेषण कंपन्यांच्या नियोजन विभागांत, ग्रिड चालवणाऱ्या संस्थांत, नियामकांकडे, सल्लागार कंपन्यांत आणि संशोधनात असतात. १९९० च्या दशकात अनेक देशांनी निर्मिती आणि पारेषण वेगवेगळ्या कंपन्यांकडे दिलं. तेव्हापासून लाइन आखणाऱ्याच्या हातात केंद्रं नाहीत. खासगी गुंतवणूकदार कुठे येतील, याचा अंदाज बांधून त्याला आखावं लागतं. त्यामुळे काम अवघड झालं आणि माणसांची गरज वाढली. अमेरिकेच्या केंद्रीय वीज नियामकाने मे २०२४ मध्ये पारेषण कंपन्यांना किमान २० वर्षं पुढचं नियोजन करायला सांगितलं, ते यातूनच.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे सल्ल्याला आलेला एक मुलगा आज हेच काम करतो. तो म्हणतो, निम्मा दिवस आकडे साफ करण्यात जातो. एकाच उपकेंद्राची दोन फाइलींत दोन नावं, एका लाइनची क्षमता कुणीतरी चुकून दहापट लिहिलेली. शिवाय तू आखलेली लाइन उभी राहीपर्यंत तुझी नोकरी दोनदा बदललेली असेल, आणि उद्घाटनाच्या फोटोत तू नसशील. यंत्राला हात लागल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी इकडे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुझं तसं दिसत नाही. तरीही बाबांचं एक ऐक: उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या वीजकेंद्रात किंवा उपकेंद्रात महिनाभर इंटर्नशिप कर. ट्रान्सफॉर्मर कधीच जवळून न पाहिलेल्या माणसाचं मॉडेल लगेच ओळखू येतं.

सहा बसचं गणित झालं की उत्तर कळव. ११० च्या खाली आलं तर खूश होऊ नकोस. सहाव्या बसची २५० मेगावॅट आणायला शंभर-शंभरच्या अडीच लाइन टाकल्या असशील, तीन टाकाव्या लागतात.