गळाचं आमिष मासा खातो, पण अडकत नाही

प्रश्न : रविवारी मुलांना घेऊन बागेजवळच्या तलावावर जातो. दोऱ्याला बांधलेलं तरंगतं बूच हलतं, ओढून पाहावं तर गळ रिकामा. चुकतं काय?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : काठाला येतात त्या बहुधा चिलापी (तिलापिया मासे), आणि त्यांचं तोंड लहान. मोठा गळ असेल तर त्या आमिषाची कणीक कुरतडून जातात. ८ किंवा १० नंबरचा गळ घ्या (नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो). दोऱ्याला शिशाचं वजन गळापासून वीतभर वर लावा. बूच इतकं छोटं हवं की पाण्यावर जेमतेम टोक दिसेल. जाड बूच ओढताना माशाला वजन जाणवतं आणि तो आमिष सोडतो.

कणीक सैल असली की पाण्यात विरघळते. वाटीभर गव्हाच्या पिठात दोन चमचे शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर कापूस घालून घट्ट मळा. गोळी वाटाण्याएवढी, गळाचं टोक किंचित उघडं. बूच आडवं सरकलं की मनगटाने हलका झटका द्या, हिसका नको.

मुलांना रीळ नको, सात-आठ फुटी बांबूची काठी पुरे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, मग गळ बोटात रुतला तरी सहज निघतो. झोपाळे आणि पायवाटेकडे पाठ करून कधीच काठी फिरवू नका. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून डोक्याकडून मागे हात फिरवत धरा. बऱ्याच तलावांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते, तेव्हा आधी परवानगी विचारा. तुटलेला नायलॉन दोरा घरी न्या, त्यात बगळे अडकतात.