मासा जेवत नाही, ताई!

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी चार फुटी समुद्री टँक लावला, साधारण ३०० लिटरचा. दोन क्लाऊनफिश आणि एक निळा डॅमसेल मजेत आहेत. गेल्या रविवारी कॉपरबँड बटरफ्लायफिश आणला. आज सहावा दिवस. फ्लेक्स, पेलेट, फ्रोझन आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), कशालाच तोंड लावत नाही. आर्टेमिया समोरून वाहत गेला की बघतो आणि वळतो. डॅमसेल अधूनमधून मागे लागतो. दुकानदार म्हणतात, भूक लागली की आपोआप खाईल. मित्र म्हणतो, लसणीचा रस लाव. ट्यूबिफेक्स देऊन बघू का? आणि नाहीच खाल्लं, तर जुहूला समुद्रात सोडलेलं बरं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. समुद्रात अजिबात सोडू नका. हा प्रवाळांतला मासा. उपाशी, दमलेला मासा जुहूला जगणं कठीण, आणि तुमच्या टँकमधला एखादा रोग मात्र समुद्रात जाईल. ट्यूबिफेक्सही नको. ते गोड्या पाण्यातले किडे, खाऱ्या पाण्यात काही मिनिटांत मरतात, आणि वाढतात गटारात.

आता दुकानदारांचं वाक्य. ‘भूक लागली की खाईल’ हे तुमच्या डॅमसेलला लागू आहे. कॉपरबँड मात्र समोर अन्न तरंगत असताना उपाशी मरतो. मी मारलाय, म्हणून सांगते. माझा पहिला कॉपरबँड सतराव्या दिवशी गेला. रोज सकाळ-संध्याकाळ मी पेलेट टाकत होते आणि त्याच्या नावानं बोटं मोडत होते. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, चोचीच्या आकारावरून पक्ष्याचं अन्न ओळखा असे प्रश्न पेपरात घातले, आणि घरच्या माशाची चोच काही मला वाचता आली नाही!

ती चोच नीट बघा. लिनियसनं १७५८ साली या माशाला नाव दिलं, त्यातल्या ‘रोस्ट्रॅटस’चा अर्थच चोचवाला. लांब तोंड, टोकाला जेमतेम फट. खडकाच्या भेगांतले किडे आणि बारीक कवचधारी जीव चिमट्यानं ओढावेत तसे ओढून खायचे, हा त्याचा धंदा. दिवसभर तो भेगा तपासत हिंडतो. पाण्यातून वाहत येणारी वस्तू त्याच्या लेखी कचरा. तुमच्या घरी अन्न आहे, पण ते चुकीच्या जागी आहे. याला अन्न कुठेतरी चिकटलेलं, खाचेत अडकलेलं हवं. आर्टेमियाकडे तो बघतोय म्हणता ना? मग अजून आशा आहे. बघायचंही सोडलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

पण आधी त्या डॅमसेलचं बघा. ज्याच्या मागे कोणी लागलंय तो जेवायला बसत नाही. कॉपरबँडला वेगळ्या डब्यात हलवायचा मोह होईल. सहा दिवसांचा उपाशी मासा पुन्हा जाळीत धरू नका. उलट करा, धिंगाणा घालणाऱ्यालाच कोंडा. भाजीची नवी प्लास्टिकची जाळीदार टोपली घ्या, धुवा, टँकच्या कोपऱ्यात अर्धी बुडवून टांगा, रात्री दिवे गेल्यावर डॅमसेलला पकडून तिच्यात ठेवा आणि वर झाकण बांधा. तो आठवडाभर चिडेल, मरणार नाही. टँकच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवा आणि दिवे चार-पाच तासच लावा. समोर खुर्ची टाकून बसू नका. हे सगळ्यात अवघड, मला ठाऊक आहे.

मग मासळीबाजारात जा आणि तिसऱ्यांचा एक वाटा घ्या. डोंबिवलीत मिळतील. बंद शिंपलीच घ्यायची. उघडी असेल आणि टिचकी मारल्यावर मिटत नसेल तर ती मेलेली, सोडून द्या. घरी आणून टँकइतक्याच खारट पाण्यात, वेगळ्या भांड्यात, तीन-चार तास ठेवा, म्हणजे वाळू टाकतील. नंतर दोन दिवस फ्रीझरमध्ये. थंडीनं शिंपली उघडायलाही सोपी जाते, आणि खाडीतून आलेले नको ते पाहुणे बरेचसे तिथेच संपतात. पावसाळ्यात तर हे चुकवूच नका. (आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा नवरा म्हणाला, जावयालासुद्धा इतक्या निगुतीनं तिसऱ्या घातल्या नव्हत्यास.)

शिंपली उघडली की मांस लागलेली अर्धी बाजू ठेवायची, दुसरी टाकायची. मांसाला सुरीच्या टोकानं तीन-चार चिरा द्या. ही अर्धी शिंपली दोन खडकांच्या फटीत उभी अडकवा, पाण्याचा प्रवाह तिच्यावरून कॉपरबँडच्या बाजूला वाहील अशी. पंप पूर्ण बंद करू नका, वास पोचला पाहिजे. आणि निघून जा. क्लाऊनफिश लचके तोडतील, तोडू द्या. दुसरा मासा टोचताना दिसला की याचीही भीड चेपते. दीड-दोन तासांनी उरलेलं बाहेर काढा. शिंपली कुजली तर अमोनिया चढेल, आणि अमोनिया असलेल्या पाण्यात धडधाकट मासाही जेवत नाही. या दिवसांत अमोनियाची चाचणी रोज करा. शून्य म्हणजे शून्य. चाचणीचा रंग ‘जरासा हिरवट’ चालणार नाही.

माझ्या दुसऱ्या कॉपरबँडनं पहिल्या दोन शिंपल्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसरीजवळ तो आला, मान तिरकी केली, एका चिरेत चोच घातली आणि मागे झाला. एवढंच. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, गॅसवर दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धी शिंपली साफ केली.

एकदा टोचायला लागला की घाईनं पेलेटवर आणायला जाऊ नका. आठवडाभर रोज दोन-तीन शिंपल्या. मग तिसरीचं मांस बारीक चिरून, त्यात फ्रोझन मायसिस कोळंबी मिसळून, ते मिश्रण रिकाम्या शिंपलीत दाबून भरा आणि तीच शिंपली त्याच फटीत ठेवा. हळूहळू मांस कमी, मायसिस जास्त. ताटली ओळखीची राहते, पदार्थ बदलतो. शेवटी मायसिस मोठ्या ड्रॉपरनं त्याच जागी सोडा. मला या सगळ्याला पाच आठवडे लागले. फ्रोझन आर्टेमियावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यात पोषण फार कमी.

लसूण? मीही रस घालून पाहिला. वास घरभर झाला, माशाच्या वागण्यात काही फरक दिसला नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही : तापमान. चिलर नसेल तर डोंबिवलीच्या उन्हाळ्यात टँक सहज ३० अंशांच्या वर जातो. पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो आणि अंगातला साठा लवकर जळतो, म्हणजे उपाशी माशाला दुहेरी मार. २५-२६ अंशांवर आणा. पाण्यावर छोटा पंखा लावलात तर बाष्पीभवनानं क्षारता वाढेल. तेवढं पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्यानं भरा आणि विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारट आहे त्याचं माप) १.०२५ वर ठेवा.

माशाकडे समोरून बघा. डोळ्यांच्या वर पाठीशी खोलगट झालं असेल, पोट आत गेलं असेल, तर दिवस थोडे आहेत. शिंपली आजच आणा, फ्रीझरची वाट न बघता ताजीच द्या. श्वास धापेसारखा चालला असेल, खडकाला अंग घासत असेल, तर दुखणं कल्ल्यांत आहे. तिथे शिंपलीचा उपयोग नाही, माशांचं कळणारा पशुवैद्य गाठा. आणि हेही सांगून ठेवते : फिलिपिन्स-इंडोनेशियात बंदी असूनही काही ठिकाणी प्रवाळांत सायनाइड फवारून मासे पकडले जातात. असा मासा कधी कधी नीट खात असूनही वाळत जातो. तसं झालं तर स्वतःला दोष देऊ नका. पुढच्या वेळी मात्र दुकानात मासा तुमच्यासमोर खाऊन दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार नाराज होतील, होऊ देत.

प्रश्न : क्लाऊनफिशची जोडी आणून तीन दिवस झाले, खात नाहीत. वरच्या पत्रात काही असेल तर सांगाल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्यासाठी तिसऱ्या नकोत, त्या घरी खा. विकत घेतलेले बरेचसे क्लाऊनफिश टँकमध्येच जन्मलेले असतात (आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास होते), आणि बारीक पेलेट ते लहानपणापासून ओळखतात. दुकानात कोणतं खाणं देत होते ते फोन करून विचारा, तेच आणा, चिमूटभर टाका. अमोनिया तपासा. टँक नवा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. महिन्याभरापेक्षा नवा असेल तर मला आधी त्याचंच कळवा.