वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामच्या जंगलातील टेहळणी जवानांचा वेष आणि शस्त्रे

व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या प्रदेशात खोलवर जाऊन टेहळणी करणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या छोट्या तुकड्यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. या जवानांना ‘लाँग रेंज रिकॉनिसन्स पट्रोल’ (लांब पल्ल्याची टेहळणी) या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘लर्प’ म्हटले जाई. जुलै १९६६मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड यांनी प्रत्येक डिव्हिजनला अशी तुकडी उभारण्याची मुभा दिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये दक्षिण व्हिएतनाममधील न्हा ट्रांग येथे त्यांच्या प्रशिक्षणाची प्रशाला सुरू झाली आणि १ फेब्रुवारी १९६९पासून या तुकड्या ७५व्या इन्फंट्रीच्या (पायदळाच्या) रेंजर कंपन्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

प्रश्न : छायाचित्रांत काही जवान वाघाच्या अंगावर असतात तशा पट्ट्यांच्या गणवेशात दिसतात, काही पानांच्या नक्षीच्या, तर काही साध्या हिरव्या. एकाच सैन्यात एवढी विविधता कशी? (सातारा येथील एक वाचक)

उत्तर : वाघपट्ट्यांचा गणवेश अमेरिकी पुरवठा खात्याचा अधिकृत गणवेश कधीच नव्हता. फ्रेंच सैन्याच्या छद्मवेषावरून त्याची नक्षी घेतलेली होती. दक्षिण व्हिएतनामच्या मरीन सैनिकांनी तो प्रथम वापरला आणि पुढे अमेरिकी स्पेशल फोर्सेसने आपल्या हाताखालच्या स्थानिक तुकड्यांसाठी तो शिवून घेतला. तो व्हिएतनामात आणि आसपासच्या आशियाई देशांत निरनिराळ्या ठिकाणी तयार होत असल्यामुळे पट्ट्यांची जाडी, हिरव्या-तपकिरी रंगांची छटा आणि खिशांची ठेवण दर खेपेला बदलत असे. मापे आशियाई बांध्याची असल्याने उंच अमेरिकी जवानांच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहत.

पानांची नक्षी मात्र अमेरिकेचीच होती. व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर येथील लष्करी अभियांत्रिकी प्रयोगशाळेने चार रंगांची ही नक्षी १९४८मध्ये तयार केली होती. ती जवळजवळ दोन दशके पडून राहिली आणि १९६७च्या सुमारास व्हिएतनामातील टेहळणी तुकड्यांना मिळू लागली. ज्यांना या दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही, ते इतर पायदळाप्रमाणे साध्या हिरव्या जंगल-गणवेशात जात. हे कापड पातळ सुती असे, म्हणजे भिजले तरी अंगावरच लवकर सुके. नंतर त्यात आडवे-उभे जाड धागे विणून काट्याने पडलेली फाट पुढे वाढू नये अशी सोय करण्यात आली. सुरुवातीच्या सदऱ्यांची खिशांवरची बटणे उघडी होती आणि ती वेलींत अडकत. ही तक्रार वाढल्यावर बटणे पट्टीखाली झाकली गेली. माझ्या मते असे बारकावे नक्षीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहेत, कारण चिखलाने आणि घामाने भिजलेल्या गणवेशावरची नक्षी फारशी उरतच नाही. जंगलात माणूस उघडा पडतो तो हालचालीने, चकाकीने आणि आवाजाने.

म्हणूनच निघण्याआधीची तपासणी अत्यंत कसून होत असे. गळ्यातील ओळखपट्ट्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून चिकटपट्टीने गुंडाळत आणि रायफलीचा खांद्याचा पट्टा व त्याच्या कड्या काढून टाकत किंवा बांधून टाकत. तोंड, मान आणि हातांचे पंजे काळ्या-हिरव्या रंगाच्या कांडीने माखत. पाण्याची एक बाटली पूर्ण संपल्याशिवाय दुसरी उघडायची नाही असा दंडक होता, कारण अर्धवट भरलेल्या बाटलीतले पाणी चालताना डचमळते. अखेरीस प्रत्येकाला पाठीवरच्या संपूर्ण ओझ्यासह जागच्या जागी उड्या मारायला लावत आणि काही खुळखुळले तर ते शोधून बांधल्याशिवाय त्याला हेलिकॉप्टरमध्ये चढू देत नसत.

प्रश्न : हे जवान शिरस्त्राण आणि चिलखती जाकीट घालत नसत, हे खरे का? (सांगली येथील एक विद्यार्थी)

उत्तर : होय. शिरस्त्राण फांद्यांवर आपटून वाजते, त्याने कान झाकले जातात आणि त्याची गोल आकृती झाडीत चटकन ओळखू येते. चिलखती जाकिटाचे वजन आणि उकाडा दिवसचे दिवस सोसणे शक्य नव्हते. त्याऐवजी मऊ कापडी टोपी किंवा डोक्याला बांधलेले हिरवे फडके पुरे होई. बुटांच्या बाबतीत मात्र तडजोड नव्हती. जंगल-बुटाचा खालचा भाग चामड्याचा आणि वरचा कॅनव्हास-नायलॉनचा असे, आत शिरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून आतल्या बाजूला छोटी छिद्रे असत आणि पेरून ठेवलेल्या टोकदार बांबूंपासून पाऊल वाचावे म्हणून तळव्यात पोलादी पत्रा बसवलेला असे.

प्रश्न : त्यांच्याकडे आखूड रायफली का असत? आणि शत्रूची एके-४७ ते खरोखरच वापरत का? (नागपूर येथील एक निवृत्त जवान)

उत्तर : ही तुकडी बहुधा सहा जणांची असे आणि तिचे काम लढणे नसून पाहणे, मोजणे व कळवणे हे होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. शत्रूशी गाठ पडणे म्हणजे मोहीम फसणे होय. त्यामुळे तिच्या शस्त्रांची निवड एकाच प्रसंगाचा विचार करून केलेली दिसते : दहा-पंधरा पावलांवर अचानक समोरासमोर आल्यावर काही सेकंदांत प्रचंड मारा करून निसटणे.

एम-१६ ही नेहमीची रायफल सुमारे ९९ सेंटिमीटर लांब होती. तिचीच आखूड आवृत्ती असलेली, सर्वांच्या तोंडी ‘कार-१५’ म्हणून रुळलेली कार्बाइन दस्ता आत सरकवल्यावर सुमारे ७६ सेंटिमीटर भरे, त्यामुळे वेलींच्या जाळीतून ती सहज वळवता येई. आखूड नळीमुळे आवाज आणि ज्वाळा वाढत, म्हणून तिच्या तोंडाशी लांबट ज्वाळारोधक बसवला होता. मॅगझिन २० गोळ्यांचे होते, पण स्प्रिंगवर ताण येऊन गोळी अडकू नये म्हणून पुष्कळ जण त्यात १८च भरत. पाण्याच्या बाटलीसाठी दिलेल्या कापडी पिशवीत मॅगझिनच्या पाऊचपेक्षा जास्त मॅगझिने मावतात, हे जवानांनी स्वतःच शोधून काढले होते.

गाठ पडताच सर्वांत पुढचा जवान एका दमात मॅगझिन रिकामे करी आणि बाजूने मागे पळे, मग त्याच्या मागचा तेच करी. अशा तऱ्हेने सहा माणसे क्षणभर सहापेक्षा कितीतरी अधिक वाटत.

एके-४७ काही तुकड्यांत पुढचा जवान वापरत असे. झाडीत धूसर दिसणाऱ्या माणसाच्या हाती आपलीच रायफल पाहून शत्रू क्षणभर थबके, तेवढा अवधी मिळावा हा त्यामागचा हेतू होता. परंतु तिचा आवाज ऐकून आपल्याच बाजूने गोळीबार होण्याचा धोकाही खरा होता, आणि त्यामुळे हा उपाय सर्वांना मान्य नव्हता, हे मला रास्त वाटते.

शिवाय एखाद्याकडे ४० मिलिमीटरचा एम-७९ गोळाफेक्या असे. त्याची नळी आणि दस्ता कापून तो कमरेला लटकवण्याची पद्धतही होती. दाट झाडीत गोळा फांदीवर आदळण्याची भीती असल्याने जवळच्या माऱ्यासाठी त्यात छर्ऱ्यांचे काडतूस ठेवत. रात्रीच्या मुक्कामाभोवती क्लेमोर सुरुंग लावत. सुमारे दीड किलोच्या या सुरुंगात ७०० पोलादी गोळ्या असत आणि त्या एकाच दिशेने उडत. मुक्कामात कोणीही तंबू ठोकत नसे. सारे जण एकमेकांना हात लागेल इतक्या अंतरावर पडून राहत.

प्रश्न : या तुकडीचे सर्वांत प्रभावी शस्त्र कोणते म्हणता येईल? (पुणे येथील एक वाचक)

उत्तर : माझे निःसंदिग्ध उत्तर आहे : पीआरसी-२५ हे बिनतारी संदेशयंत्र. बॅटरीसह त्याचे वजन १० किलोंहून अधिक होते आणि ते एकाच जवानाच्या पाठीवर असे. तोफांचा मारा, सशस्त्र हेलिकॉप्टर आणि परतीचे हेलिकॉप्टर हे सारे या यंत्रावर अवलंबून होते. ते बंद पडले तर हातातल्या रायफलींनी फार तर काही मिनिटे मिळत. डोंगराळ भागात संदेश तळापर्यंत पोहोचत नसे, म्हणून एखाद्या उंच माथ्यावर संदेश पुढे पाठवणारे स्वतंत्र ठाणे ठेवावे लागे. पावसापासून वाचवण्यासाठी बोलण्याचा संच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत. शत्रू अगदी जवळून चालला असेल तर तळावरचा माणूस ‘ठीक असाल तर दोनदा बटण दाबा’ असे सांगे आणि जवान तोंडातून चकार शब्द न काढता बटण दोनदा दाबून उत्तर देई.

प्रश्न : अनेक दिवसांचे अन्नपाणी ते कसे नेत? (रत्नागिरी येथील एक वाचक)

उत्तर : डबाबंद शिधा जड होता आणि रिकामे डबे मागे राहिले की माग लागे. म्हणून या तुकड्यांसाठी गोठवून वाळवलेल्या जेवणाची हलकी पाकिटे आली. त्यात पाणी घालून, आच न पेटवता थंडच खाता येई. त्यामुळे ओझे कमी झाले खरे, पण प्रत्येक पाकिटाला प्यायच्या साठ्यातलेच पाणी लागे आणि ओढ्यावर पाणी भरायला जाणे धोक्याचे होते, कारण शत्रूही त्याच ओढ्यावर येई. कोरड्या ऋतूत म्हणून जवान अन्न कमी आणि पाणी जास्त घेत.