विरुद्ध म्हणजे नेमकं किती विरुद्ध?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

व्यक्तिमत्त्वाच्या टेस्टमध्ये तुला मिळालेला आयएनटीजे हा निकाल (अंतर्मुख, अंतःस्फूर्ती, विचार आणि आधी ठरवून मोकळं होणं, या चार कलांची इंग्रजी अक्षरं) आणि त्याखाली तू लिहिलेली यादी, दोन्ही नीट वाचलं. 'मी अंतर्मुख, तेव्हा माणसांत राहून करायची कामं माझी नव्हेत. मी विचारप्रधान, तेव्हा दुसऱ्याचं मन ओळखणं मला जमणार नाही.' प्रत्येक वाक्याचा पहिला अर्धा भाग टेस्टनं सांगितला आहे. दुसरा अर्धा तू स्वतः जोडलास, आणि तो एका समजुतीवर जोडलास: एक टोक आपलं ठरलं की समोरचं टोक गेलंच. या समजुतीपायी हुशार मुलं स्वतःच्या वाटा स्वतःच बंद करून घेतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांत ज्यांना आपण विरुद्ध जोड्या म्हणतो, त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. काही जोड्या खरोखर एकाच रेषेची दोन टोकं असतात. काहींत दोन गोष्टी एकाच क्षणी करता येत नाहीत, पण एकाच माणसाला दोन्ही उत्तम येऊ शकतात. आणि काही मुळात जोड्याच नसतात. दोन स्वतंत्र गुण प्रश्नपत्रिकेनं समोरासमोर उभे केलेले असतात. कुठलीही जोडी वाचलीस की आधी स्वतःला विचार, ही यांतली कुठली?

या सगळ्याचं मूळ स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या मांडणीत आहे. त्याला पडलेला प्रश्न फार सुंदर होता. फ्रॉइड आणि ॲडलर हे त्याच्या काळचे दोन मनोविश्लेषक मनाच्या त्याच दुखण्यांकडे बघत होते, मग दोघांचे सिद्धांत इतके वेगळे कसे? त्याचं उत्तर असं की बघणाऱ्याचा स्वभावच वेगळा होता. फ्रॉइडचं लक्ष बाहेरच्या माणसांकडे आणि वस्तूंकडे ओढलं जात होतं, ॲडलरचं आत. या बहिर्मुख-अंतर्मुख जोडीला त्यानं चार कार्यांची जोड दिली: विचार विरुद्ध भावना, आणि संवेदन (इंद्रियांना प्रत्यक्ष जाणवतं ते टिपणं) विरुद्ध अंतःस्फूर्ती (त्यामागच्या शक्यता एकदम उमगणं).

आता त्याच्या लेखी 'विरुद्ध'चा अर्थ काय होता ते बघ. एखाद्या गोष्टीचा काटेकोर विचार करायचा तर त्या घटकेला आवडनिवड बाजूला ठेवावी लागते. ज्याला हे वारंवार करायची सवय लागते त्याचं भावनेचं कार्य मागे पडतं, पण ते नाहीसं होत नाही. न घडलेलं, कच्चं असं ते नेणिवेत पडून राहतं आणि भलत्या वेळी ओबडधोबड रूपात वर येतं. थोडक्यात, युंगच्या जोडीतली दोन्ही टोकं एकाच माणसात असतात. शुद्ध अंतर्मुख किंवा शुद्ध बहिर्मुख माणूस असूच शकत नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. तुझ्या यादीतला दुसरा अर्धा भाग युंगलाही पटला नसता.

मग हे 'एक तर हे, नाहीतर ते' आलं कुठून? बरंचसं प्रश्नपत्रिकेतून. कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युंगच्या कल्पनांवरून प्रश्नावली बनवायला घेतली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, आणि तरी त्यांनी या कामाला जी चिकाटी लावली तिचा मला आदर वाटतो. युंगच्या तीन जोड्यांना त्यांनी चौथी जोडली: गोष्टी ठरवून मोकळं होणं की वाट मोकळी ठेवणं. १९६२ मध्ये या मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावलीची पहिली मार्गदर्शक पुस्तिका छापली गेली. (इंटरनेटवर फुकट मिळतात त्या टेस्ट बहुतेक वेळा ही मूळ प्रश्नावली नसतात. तीच चार अक्षरं वापरून दुसऱ्या कोणी केलेल्या असतात.)

अशा प्रश्नावलीत काय होतं ते जवळून बघ. समज, प्रश्न आहे: 'निर्णय घेताना तुम्ही कशाला जास्त मान देता, तर्काला की माणसांच्या भावनांना?' तू तर्कावर खूण केलीस. गुण तर्काला मिळाला आणि त्याच खुणेनं भावनेचा गेला. आता हाच प्रश्न फोडून दोन करू. 'निर्णयात तर्क किती महत्त्वाचा? १ ते ५ मध्ये सांगा.' 'माणसांच्या भावना किती महत्त्वाच्या? १ ते ५ मध्ये सांगा.' तू तर्काला ५ आणि भावनांना ४ देशील, असा माझा अंदाज आहे. दुसरा कोणी तर्काला २ आणि भावनांना १ देईल. पहिल्या पद्धतीत तुम्ही दोघंही 'विचारप्रधान' ठरता. पण एका घरात राहायची वेळ आली तर तुम्ही दोघं किती वेगळी माणसं आहात हे पहिल्याच आठवड्यात कळेल.

हे नुसतं माझं तर्कट नाही. मानसशास्त्रात एका फार जुन्या जोडीच्या बाबतीत हे घडलेलं आहे. १९३६ मध्ये टर्मन आणि माइल्स यांनी पुरुषीपणा आणि बायकीपणा मोजायला एकच रेषा घेतली. एक वाढलं की दुसरं कमी झालंच पाहिजे, हे मोजपट्टीतच बसवलेलं होतं. १९७४ मध्ये सँड्रा बेम यांनी दोन्हींसाठी वेगळ्या मोजपट्ट्या केल्या, आणि दोन्हींचे गुण एकमेकांपासून जवळजवळ स्वतंत्र निघाले. दोन्हींत वरचे गुण मिळवणारी माणसं समोर आली. ती आधीही होती, फक्त जुन्या पट्टीला दिसत नव्हती.

दुसरी अडचण मधल्या रेषेची. एका जोडीवर २१ प्रश्न आहेत असं धर. तुझी ११ उत्तरं एकीकडे आणि १० दुसरीकडे गेली, तर अक्षर एक. तुझ्या मैत्रिणीची १० आणि ११ गेली, तर अक्षर दुसरं. २१ पैकी २१ उत्तरं तुझ्या बाजूला टाकणाऱ्या माणसाला मात्र तुझंच अक्षर मिळतं, जरी तू त्याच्यापेक्षा मैत्रिणीच्या कितीतरी जवळ असलीस तरी. लोक खरोखर दोन जातींचे असते तर गुणांच्या आलेखाला दोन उंचवटे दिसले असते. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मधल्या भागात दाटलेली असतात. काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं ते यामुळेच. माणूस जागच्या जागी असतो, रेषा तेवढी ओलांडली जाते. तेव्हा अक्षरं बाजूला ठेव आणि प्रत्येक जोडीवरचा आकडा बघ. आकडा दाखवतच नसतील तर त्या निकालावर भिस्त ठेवू नकोस.

मग सगळंच टाकाऊ का? मुळीच नाही. १९८९ मध्ये मॅक्रे आणि कोस्टा यांनी या चार जोड्या व्यक्तिमत्त्वाच्या 'बिग फाइव्ह' नावाच्या पाच घटकांशी ताडून पाहिल्या. माणसांचे वेगळे 'प्रकार' असतात याला त्यांना आधार मिळाला नाही, पण चारही मोजपट्ट्या पाचांपैकी चार घटकांशी बऱ्यापैकी जुळल्या. अंतर्मुख-बहिर्मुख ही त्यांतली सगळ्यांत भक्कम. तिथे खरंच एक रेषा आहे. पण तीही सरासरीची रेषा आहे. विल्यम फ्लीसन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत माणसांना दिवसातून अनेकदा विचारलं गेलं की गेल्या काही वेळात तुम्ही कसे वागलात. एकच माणूस काही दिवसांत जवळजवळ पूर्ण पट्टीभर फिरून येतो असं दिसलं. स्थिर होती ती प्रत्येकाची सरासरी. अंतर्मुख माणूस बोलका होतो, पुढाकार घेतो, हसवतो. तो हे तुलनेनं कमी वेळा करतो, इतकंच. तू माणसांत राहून करायचं काम निवडलंस तर तुला एकांताची सोय जास्त लागेल, आणि ती आधीपासून लावून घे. काम सोडून द्यायचं कारण यात कुठे आहे?

संवेदन आणि अंतःस्फूर्तीबद्दल एवढंच, की ऑनलाइन वर्णनांत अंतःस्फूर्तीला बुद्धिमत्तेचा मुलामा चढवलेला असतो. त्यावर जाऊ नकोस. तिथे बुद्धी मोजलेलीच नसते.

विचार-भावना ही जोडी मात्र तुझ्या मनाला लागली आहे, म्हणून तिच्यापाशी थांबते. समज, गटाच्या प्रकल्पात एकाचं काम अगदीच कमी पडलंय आणि अहवालावर त्याचं नाव ठेवायचं की नाही हे ठरवायचंय. तुझ्या मनात पहिला प्रश्न येईल: 'नियम काय ठरला होता? दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर आपण काय केलं असतं?' भावनाप्रधान म्हणवणाऱ्याच्या मनात आधी येईल: 'त्याचं नेमकं काय बिनसलंय? नाव काढलं तर गटाचं काय होईल?' दोघांनी नीट विचार केला तर दोघंही थोड्या वेळात चारही प्रश्नांपाशी पोचतात. ही जोडी सांगते ती क्रमाची गोष्ट: कुठला प्रश्न आपोआप येतो आणि कुठला मुद्दाम आणावा लागतो. तेव्हा पुढच्या महत्त्वाच्या निर्णयाच्या वेळी मनात येणारे प्रश्न आले त्या क्रमानं कागदावर लिही. जे तळाशी येतील किंवा येणारच नाहीत, ते पुढच्या वेळी सर्वांत आधी विचार. समुपदेशनाचं शिक्षण घेण्याचा बेत तू या एका अक्षरापायी रद्द करायला निघाली आहेस, म्हणून हेही सांगते: मूळ टेस्टचा कारभार पाहणारी मंडळीच बजावतात की नोकरीसाठी उमेदवार निवडायला तिचा वापर करू नये. ज्या कामासाठी दुसऱ्याला पारखायला ती चालत नाही, त्या कामातून स्वतःला वगळायला तरी ती कशी चालेल?

आणखी एक सवय लावून घे. समोरच्या टोकाचं वर्णन तिथल्या माणसाला मान्य होईल अशा शब्दांत करता येतं का, ते बघ. आधी सगळं ठरवून टाकणारी माणसं वाट मोकळी ठेवणाऱ्यांना 'ढिसाळ' म्हणतात, आणि तेही उलट यांना 'हट्टी' म्हणून मोकळे होतात. 'नवी माहिती येईपर्यंत थांबायची त्याची तयारी असते' असं जेव्हा तुला मनापासून म्हणता येईल, तेव्हा ती जोडी तुला कळायला लागली असं समज.

राहता राहिली तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. मुलाखतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते, आणि हे अंतर्मुखतेमुळेच आहे असं तू धरून चालली आहेस. बिग फाइव्हमधला जो पाचवा घटक या चार अक्षरांत कुठेच येत नाही, तो हाच: चिंतेकडे, अस्वस्थतेकडे असलेला कल. मानसशास्त्रज्ञ आयझेंक यांनीही बहिर्मुखता आणि हा कल असे दोन वेगळे अक्ष मांडले होते. एकावरून दुसरं ठरत नाही. निवांत झोपणारे अंतर्मुख असतात आणि रात्रभर तळमळणारे बहिर्मुखही असतात. तुझी तळमळ 'स्वभावच असा' म्हणून गिळून टाकायची गोष्ट नाही, तिच्यावर उपाय असतात. ती किती रात्री होते आणि दिवसाही टिकते का, हे मला सविस्तर लिही. आणि समुपदेशकाकडे गेलीस, जावंस असं मला वाटतं, तर त्यांना अक्षरं सांगत बसू नकोस. रात्री नेमकं काय होतं ते सांग.

तुझी हितचिंतक