बीबरचे रोझरी सोनाटा: सुरुवात शेवटून करा

सतराव्या शतकातला संगीतकार बीबर, त्याच्या या व्हायोलिन-रचना मेरी आणि येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगावर. पंधराच्या पंधरा सोनाटे एका बैठकीत ऐकायला जाऊ नका, नवखे तिथेच दमतात. आधी पंधरांनंतर शेवटी येणारा पासाकाल्या (एकच खर्जाची ओळ पुन्हा पुन्हा येणारी रचना) घ्या, एकटं व्हायोलिन, खाली उतरणारे तेच चार स्वर ६५ वेळा आणि वर दरवेळी काहीतरी नवं, ते चार स्वर कानात बसेपर्यंत पुढे सरकू नका. मग अकरावा सोनाटा, येशूच्या पुनरुत्थानाचा, त्यात मधल्या दोन तारा चक्क एकमेकींवरून ओलांडून लावतात, आवाज काय खुलतो!

दोन चुका टाळा:
- फोनच्या स्पीकरवर ऐकणं, साथीच्या ऑर्गनचा खर्ज गायबच होतो
- 'व्हायोलिन विचित्र वाटतंय' म्हणून बंद करणं. बहुतेक सोनाट्यांना तारा वेगळ्या सुरांत लावलेल्या असतात, जरा थांबा, कान रुळतो

रेकॉर्डिंग व्हायोलिनवादक रेचेल पॉजरचं घ्या, तुलना नंतर करू.